भागाआत्याच्या वाट्याचं रडणं

आमच्या विश्वनाथकाकांना लोक भाषेचे मोठे अभ्यासक म्हणतात. म्हणोत बापडे. त्यांचं नाव कुणी काढलं की माझ्या नाकात आधी लाल मिरचीचा खकाणा शिरतो, घसा खवखवायला लागतो, आणि मग बाकीचं आठवतं. आता साठी उलटली, बीडच्या शाळेतली नोकरी संपली, रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या, तरी तो खकाणा काही गेला नाही. डॉक्टर म्हणतात, बाई, मनात राग धरू नका. मी म्हणते, राग नाही हो, किळस आहे. त्यावर ते आणखी एक गोळी लिहून देतात.

चौसाळ्यात आमचं भुसाराचं दुकान हायवेला लागून होतं आणि घर दुकानाच्या पाठीला. आत शिरलं की पहिली खोली पोत्यांची. तूर, हरभरा, गुळाच्या ढेपी, आणि हंगाम आला की लाल मिरचीची पोती पार आढ्यापर्यंत. तिच्यामागं देवघराची मधली खोली, मग स्वयंपाकघर, आणि सगळ्यांत मागं, अंगणातल्या लिंबाकडे तोंड करून भागाआत्याची खोली. सकाळी माझे वडील, आण्णा, आंघोळ करून, कपाळाला विभूती लावून लिंगपूजेला बसत, तेव्हा बाहेर मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या ट्रकांचे हॉर्न सुरू झालेले असत आणि आत माय भाकऱ्या थापत असे. त्या थापण्याच्या आवाजावर मला जाग यायची. आमटी येसराच्या मसाल्याची, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि वाटीभर ताक. पाव्हणा आला तर भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा सुशीला, त्यावर कच्चा कांदा. या सगळ्यावर पोत्यांचा वास असायचा, कपड्यांना, केसांना, पुस्तकांनासुद्धा. वर्गातल्या पोरी मला भुसार म्हणत.

भागाआत्या आण्णांची थोरली बहीण. सगळं घर तिला आक्का म्हणायचं, मी एकटी आत्या. लग्न होऊन गेली आणि नवरा वारला म्हणून परतही आली. ती आली तेव्हा तिची आई बाळंतपणात गेलेली होती आणि विश्वनाथकाका पाळण्यात होते. आत्यानं त्यांना वाढवलं. कडेवर घेऊन दुकान झाडलं, पाठीशी बांधून पाणी भरलं, ताकात कालवून ज्वारीच्या कण्या भरवल्या. काका पहिल्यांदा बीडला शिकायला निघाले तेव्हा एसटी वळणावर दिसेनाशी झाली तरी ही तिथंच उभी होती, असं माय सांगायची. तिला स्वतःचं मूलबाळ झालं नाही. आपण गेल्यावर आपल्यासाठी हक्कानं रडायला लेक नाही, ही एकच गोष्ट तिला आयुष्यभर टोचत राहिली.

हे रडणं म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, कारण हल्लीच्या मुलींनी ते ऐकलेलंच नाही. आमच्याकडे माणूस गेलं की बाया बोल लावून रडत. एकजण हेल धरून मयताशी बोलायची, बाकीच्या ओळीच्या शेवटाला आवाज मिळवायच्या. गेलेल्यानं काय सोसलं, काय खाल्लं, काय खायचं राहिलं, कुणी माया केली, कुणी छळलं, सगळं नावानिशी. त्यात दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. रडण्यात खोटं बोलायचं नाही. आणि रडणाऱ्या बाईला कुणी अडवायचं नाही, उत्तर द्यायचं नाही, पुढं कधी भांडणात ते काढायचं नाही. जावा-जावा, सासवा-सुना जन्मभर गिळलेलं तिथं ओकून मोकळ्या व्हायच्या. पुरुष बाहेर ओट्यावर असत. भिंतीपलीकडून त्यांच्या कानावर नुसता सूर यायचा. शब्द ऐकायला ते आत आले नाहीत आणि नंतर कुणी विचारलंही नाही. बायकांचं रडणं, त्यात काय ऐकायचं!

माझी माय, गिरजाबाई, या रडण्यात नावाजलेली होती. आसपासच्या गावांतूनसुद्धा तिला बोलावणं यायचं. आत्यानं तिच्याकडून आधीच शब्द घेऊन ठेवला होता. दोघी सुपात तूर पाखडत बसलेल्या असायच्या आणि आत्या मधेच म्हणायची, "गिरजे, माझ्या मागं तूच रड. दुसरीनं कुणी उगं हो-हो केलेलं मला चालायचं न्हाई."

"मराया तर लागा आधी," माय म्हणायची, "आत्ता पाखडा."

दोघी हसायच्या. पण शब्द दिलेला होता, आणि तो दोघींनाही हसण्यावारी न्यायचा नव्हता.

काका बीडच्या कॉलेजात मराठी शिकवायचे. तेवढ्यावर त्यांचं समाधान नव्हतं. पुण्यात एक संस्था होती, अजूनही आहे. परदेशातल्या विद्वानांना भारताच्या अभ्यासाला मदत करायची, त्यांना इथल्या भाषा शिकवायच्या, आणि बोलता यायला लागलं की खेड्यापाड्यांत पाठवायचं, असं तिचं काम. त्या कामाला नावं ठेवायचं मला काही कारण नाही. काकांना मात्र त्या संस्थेत शिरायचं होतं. तिथं व्याख्यानाला बोलावणं यावं, तिथून मग विमानानं परदेशी जावं, या एका ध्यासानं माणूस पछाडलेला होता. चौसाळ्याला आले की चहाची बशी हातात धरून तेच ते, संचालक असं म्हणाले, ग्रंथालयात तसं पाहिलं. आत्या टक लावून ऐकायची. संस्था म्हणजे नेमकं काय हे तिला कळत नव्हतं, पण आपल्या इस्वनाथाला तिथं पाट मांडून मिळावा, एवढं तिला मनापासून वाटायचं.

संस्थेनं पाठवलेली हाना काकांच्या मध्यस्थीनं आमच्याकडे राहायला आली, ती सीताफळं संपता संपता. उंच, गोरी, उन्हानं नाक लाल झालेली. तिचा विषय बायकांची गाणी. मी तेव्हा दहावीला होते आणि तिची जोडाक्षरं माझ्यापेक्षा स्वच्छ होती. पहिल्याच जेवणात ती मायला म्हणाली, "मला किंचित मीठ मिळू शकेल का?"

"अगं घे की बाई," माय म्हणाली, "मिठापायी एवढं भाषण कावून?"

हळूहळू ती सैल झाली. मी तिला 'लई' शिकवलं, तिनं मला सायकल शिकवली. शेजारची रहिमतखाला, जिच्या नवऱ्याचा मांजरसुंब्याच्या नाक्यावर फळांचा गाडा होता, हानासाठी पिकलेली सीताफळं राखून ठेवायची, आणि हाना एकेक बी नीट ओळीनं ताटात मांडायची. आत्याशी तिचं फार जमलं. दुपारी ती आत्याच्या खोलीत बसून जात्यावरची गाणी टेपरेकॉर्डरवर घ्यायची आणि आत्या गाता गाता तिच्या केसांना तेल चोळायची. हाना वाईट होती असं मी म्हणणार नाही. तिनं पुढं जे केलं नाही त्याबद्दल माझं तिच्याशी भांडण आहे, ते वेगळं.

थंडी वाढली तशी आत्या पडली. आधी खोकला, मग पायांवर सूज, मग छातीत पाणी. बीडला नेलं, तिथल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि घरी न्या म्हणाले. काका त्या रविवारी आले. आत्याचा हात हातात घेऊन रडले. खरंच रडले, डोळे पुसायलासुद्धा त्यांना सुचेना. मग तोंड धुतलं, अंगणात गेले आणि हानाला म्हणाले, "तुमच्या विषयाच्या दृष्टीनं ही फार दुर्मीळ संधी आहे. आमच्या वहिनींसारखी रडणारी या भागात दुसरी नाही. घरचंच आहे, परवानगीचा प्रश्न नाही."

मी दोरीवरचे कपडे काढत होते. हानाचं तोंड लालबुंद झालं. "सर, मला हे योग्य वाटत नाही," ती म्हणाली.

"अयोग्य काय त्यात? ही परंपरा आहे. आज नोंद झाली नाही तर नष्ट होईल." काका पुढं म्हणाले, "आणि शनिवारी तुम्हाला संस्थेत काम सादर करायला जायचंय. त्याच्या आत झालं तर बरं."

'त्याच्या आत झालं तर बरं.' काय व्हायचं होतं? ज्या बाईनं ह्यांची दुपटी धुतली ती मरायची होती. मी कपडे तसेच ओले आत आणून टाकले आणि ऐकलेलं सगळं मायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी काकांनी आत्याची खाट हलवली. मागच्या खोलीत विजेचं बटण नव्हतं. टेपरेकॉर्डर नुसता सेलवर लावला तर ऐन वेळी आवाज ढिला पडतो, म्हणून यंत्र विजेवर लावायचं, आणि आमच्या घरात प्लग होता तो पुढच्या, पोत्यांच्या खोलीत. त्याच आठवड्यात नवी मिरची आली होती. दुकानातल्या हमालांनी खाटेचे पाय धरले, आत्या वर तशीच निजलेली, आणि ती वरात देवघरातून पुढं निघाली. आत्या सारखी विचारत होती, "कुठं न्यायलात रं मला? दवाखान्यात व्हय?" खाट मिरचीच्या थप्पीला लागून ठेवली आणि काकांनी तिच्या उशाशी टेबल लावून त्यावर यंत्र मांडलं.

दुकानात पोतं उचललं, टाकलं, की आतल्या खोलीत खकाणा उडायचा. धडधाकट माणसाच्या डोळ्यांतून पाणी काढणारा तो खकाणा. आत्या खोकायची. खोकता खोकता उठून बसायची, तोंड निळं व्हायचं, आणि पुन्हा उशीवर पडायची. रहिमतखाला बघायला आली ती दारातच थबकली. "या अल्ला! बीमार माणसाला मिरचीपशी ठेवतेत व्हय? अकल गेली काय समद्यांची?" तिनं ओढणीनं नाक झाकलं आणि माझ्याकडून बादलीभर पाणी मागून पोत्यांवर ओली गोणपाटं टाकली.

मायनं आण्णांना गाठलं. "आक्काला माघारी न्या खोलीत. तिला दम घेता येईना."

आण्णा हाताची बोटं मोडत बसले. धाकटा भाऊ शिकला, घराण्यात पहिला प्रोफेसर झाला, त्याचं त्यांना दडपणच होतं. "इस्वनाथला समजतंय की," ते म्हणाले. "थोड्या दिसाचा परश्न हाय."

"कसला थोड्या दिसाचा परश्न? तिच्या मरायचा?"

आण्णा उठून दुकानात गेले. माझ्या बापावर माझं प्रेम होतं, पण त्या उठून जाण्याची मला आजही घाण वाटते. लोक म्हणतात, भिडस्त होते बिचारे. मिरचीचा खकाणा भिडस्त माणसाच्या बहिणीला कमी लागतो काय?

मग काका रोज यायला लागले. कॉलेज सुटलं की बीडहून जीप धरायची आणि यायचं. दारातून पहिला प्रश्न, "कसं हाय?" आणि मी "बरं हाय" म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही, पडायचा. एकदा आत्यानं चांगली वाटीभर पेज घेतली तेव्हा ते घड्याळाकडे बघत "अस्सं" म्हणाले. जाण्याआधी मायला स्वयंपाकघरात सूचना देऊन गेले. "वैनी, तेव्हा जरा सावकाश रडा. शब्द स्पष्ट यायला पाहिजेत. एकदम गलका झाला तर यंत्रात काय येत न्हाई. बाकीच्या बायांना थोडं लांब बसवा."

माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला नाही. "भावजी, मी यंत्रापुढं रडणार न्हाई," ती म्हणाली.

"असं कसं वैनी? संस्थेला मी शब्द दिलाय."

"मीबी दिलाय एकीला," माय म्हणाली, आणि भाकरी तव्यावर टाकली.

पण ते सोपं नव्हतं, आणि हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं. यंत्रापुढं रडायचं नाही म्हटलं तर आत्यासाठी रडणार कोण? दुसऱ्या कुणाचं आत्याला चालणार नव्हतं. आणि रडली तर जे आत्याचं, ते पुण्यात नेऊन लोकांपुढं मांडणार. माय जेवेना. चुलीपुढं बसून राखेत काडीनं रेघा ओढायची. शेवटी एका दुपारी, दुकान बंद असताना, खकाणा जरा बसलेला असताना, ती आत्याच्या खाटेवर जाऊन बसली. मी पायाशी होते. आत्याचे डोळे मिटलेले. मायनं तिच्या पायांना तेल लावायला सुरुवात केली.

"गिरजे," आत्या डोळे न उघडता म्हणाली, "रडशील न्हवं?"

आत्याला सगळं ठाऊक होतं. खाट कावून हलवली, इस्वनाथ रोज कावून येतो, टेबलावर काय मांडलंय. मेलेल्या बाईच्या कानाशी बोलावं तसं सगळे तिच्या उशाशी बोलत होते.

"आक्का, ते यंत्र हाय तितं," माय म्हणाली. "त्येच्यापुढं मला व्हायचं न्हाई."

"माझ्यापुढं रड गं. ते यंत्र तुला कावून दिसायलंय?" आत्या दम घ्यायला थांबली. "आन खरं रड. त्यो माझा हाय म्हून झाकू नको. मला तितं खोटं नको."

मग तिनं ताकातल्या कण्या मागितल्या. मायनं केल्या. खाल्ल्या फार नाहीत, पण जिभेवर घोळवत राहिली. तेवढ्यात काका आले, त्यांनी यंत्राचं बटण दाबलं, खट्, आणि माईक आत्याच्या तोंडाजवळ धरला. "आक्का, लहानपणची एखादी आठवण सांग की. माझी सांग."

आत्यानं त्यांच्याकडे बघितलं. "कण्या खा बे," ती म्हणाली, "लई वाळलास." आणि तोंड फिरवलं.

शुक्रवारी सकाळी, मी शाळेच्या वेण्या घालत असताना, ती गेली.

जंगम स्वामींना बोलावणं गेलं. आमच्या रीतीप्रमाणं तिला आंघोळ घालून, विभूती लावून, भिंतीला टेकवून बसवलं, हातात इष्टलिंग. मधल्या खोलीत बसवायची, पण काकांनी पुढच्याच खोलीत बसवून घेतली, मिरचीची थप्पी थोडी मागं सारून. गावातल्या बाया डोक्यावर पदर घेऊन आल्या. रहिमतखाला आली. आणि बायांच्या त्या घोळक्यात, जिथं आमच्या घरातला पुरुष कधी आला नव्हता, तिथं विश्वनाथकाका हातात माईक धरून उभे राहिले. बायांनी एकमेकींकडे बघितलं. पण ते सर होते. बायांनी सरकून जागा करून दिली. हाना कोपऱ्यात, दोन्ही हातांनी गुडघे आवळून बसलेली.

माय आत्यासमोर बसली. काकांनी भुवया उंचावून तिला खूण केली, सुरू करा. ती खूण घाणेरडी होती. मायनं तिकडं पाहिलं नाही. तिनं आत्याचे गुडघे धरले आणि हेल काढला. एरवी नणंदेला अहोजाहो करणारी माझी माय तिला अगंतुगं करत होती.

"आक्का माझे, कडंवर घेऊन गं तू इस्वनाथ वाढवलास,
ताकात कालवून कण्या गं तू इस्वनाथ भरवलास.
तुझी खाट उचलली गं, मिरचीच्या पोत्याला लावली,
तुझ्या छातीला वारा न्हाई गं, यंत्राला वायर हाय.
शनवार जवळ आला गं आक्का, तुला मरायची घाई केली,
'बरं हाय' म्हणलं की गं तुझ्या इस्वनाथाचं तोंड उतरायचं.
तुझ्या पाठच्या भावानं गं तोंड शिवून घेतलं,
तुला मारायला कुणी गं इख न्हाई दिलं, तुझी वाट बघितली."

बायांनी शेवटाला आवाज मिळवला आणि तो आवाज मी त्याआधी आणि नंतर कधी ऐकला नाही. रहिमतखाला ऊर बडवत होती. मायनं एकही गोष्ट सोडली नाही. खाट, गोणपाटं, पेजेची वाटी, 'सावकाश रडा', सगळं त्यात आलं, आणि मग एसटी स्टँडवर उभी राहिलेली आत्या आली, कुणी उलगडून न बघितलेलं तिचं लुगडं आलं, राहिलेल्या कण्या आल्या. मी काकांकडे बघत होते. मला त्यांचं तोंड काळं पडलेलं बघायचं होतं. आणि काका? त्यांची नजर यंत्रावरच्या थरथरणाऱ्या काट्यावर होती. सुराबरोबर काटा हलतोय, टेप फिरतेय, याच्यावर ते खूश होते. आयुष्यभर ओट्यावर बसून त्यांनी नुसता सूर ऐकला होता. आत येऊन, माईक हातात धरूनसुद्धा ते सूरच ऐकत होते. त्यांचं नाव निघत होतं आणि ते मान डोलावत होते.

हानाला मात्र शब्द न् शब्द कळत होता. तिला चांगलं शिकवलं होतं. ती रडत होती, तोंडावर हात दाबून. माणसं आत्याला घेऊन गेल्यावर ती मायच्या पायाशी आली. "मला क्षमा करा. ही टेप मी नेणार नाही."

माय थकून गेली होती. "ने न्हाईतर ठिव," ती म्हणाली. "माझं आक्कापशी पोचलं. यंत्रात राहिलाय त्यो नुसता आवाज."

हानानं नेली. काकांनी जीपमध्ये सामान चढवताना टेपची पिशवी तिच्या मांडीवर ठेवली, आणि ती नाही म्हणाली नाही. पुण्यात काकांनी शब्द ऐकले असणार, कारण त्यानंतर पुष्कळ दिवस ते चौसाळ्याला फिरकले नाहीत. मग एके दिवशी पेढे घेऊन आले. संस्थेनं त्यांना परदेशी व्याख्यानाला बोलावलं होतं. मायनं पेढा हातात घेतला आणि बाहेर जाऊन गाईला दिला. रडण्यातलं भांडणात काढायचं नाही, ही रीत तिनं मरेपर्यंत पाळली. काकांनाही ती रीत फार सोयीची पडली.

गेल्या काही वर्षांत संस्थेनं जुन्या टेपा नव्यानं स्वच्छ करून घेतल्या. त्याचा समारंभ पुण्यात होता. घरच्या म्हणून मलाही बोलावलं होतं, आणि मी गेले, कारण मायचा आवाज ऐकायची भूक होती. काका व्यासपीठावर, शाल, नारळ, केस पांढरेशुभ्र. टेप लावली. मायचा आवाज असा स्वच्छ आला की माझ्या हातातली पर्स पडली. पण बायांचा आवाज नव्हता. रहिमतखालाचं ऊर बडवणं नव्हतं. मागचा गोंगाट काढून टाकला, असं त्यांनी अभिमानानं सांगितलं. प्रत्येक ओळ पडद्यावर, खाली इंग्रजी भाषांतर. एका तरुण मुलीनं हात वर केला. "सर, हे विश्वनाथ कोण?"

काका हसले. शांत, शिक्षकी हसू. "कुठलाही भाऊ," ते म्हणाले. "भावावरचा आरोप हा या विलापगीतांमधला रूढ संकेत आहे. नाव निमित्तमात्र." माना हलल्या. मुलीनं लिहून घेतलं. टाळ्या झाल्या. मग सामोसे आले, आणि ते हातात बशी घेऊन माझ्याकडे येऊन म्हणाले, "नंदा, वैनींचा आवाज अजून कसा घुमतो बघ." मी बशी घेतली नाही. माझ्यापुढं उभा असलेला म्हातारा सामोसा चावत होता आणि त्याच्या दाढेत अडकलेलं मिरचीचं बी मला दिसत होतं.

ते गेले गेल्या हिवाळ्यात. बीडच्या बंगल्यात, स्वच्छ खोलीत, मुलगा-सून उशाशी. विभूती लावून, हार घालून बसवलं होतं. कॉलेजातले लोक आले, पुण्याहून संस्थेचे लोक आले. बाया आल्या, पण आताच्या, रुमालानं डोळे टिपणाऱ्या. हेल काढता येणारी त्या खोलीत मी एकटी होते. मायनं मला सगळं शिकवलं होतं, आणि आमच्या घरात ते सगळ्यांना ठाऊक होतं. काकांची सून वर्षा माझ्याजवळ येऊन बसली. "ताई, तुमी रडा ना बोल लावून. पप्पांची लई इच्छा होती. नेहमी म्हणायचे, माझ्या मागं नंदा रडंल."

संस्थेची एक मुलगी पुढं सरकली, गोड, अदबशीर. तिनं फोन माझ्यापुढच्या टीपॉयवर ठेवला. "तुमची हरकत नसेल तर?" ती अगदी शुद्ध मराठीत म्हणाली.

बोल तयार होते, जिभेवर होते. रडण्यात खोटं बोलता येत नाही आणि खरं बोललं असतं तर ते पुन्हा स्वच्छ करून पडद्यावर लागलं असतं, आणि कुणीतरी त्याला संकेत म्हटलं असतं. आणि त्याहून खरं सांगायचं तर, खरे बोल लावून रडणं म्हणजे कुणीतरी तुमच्या गुडघ्यांना धरून तुमच्याशी शेवटचं बोलणं. ते मला त्या माणसाला द्यायचं नव्हतं. मेल्यावरही नव्हतं. मी पदर सावरला, हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत बसले. वर्षा वाट बघत होती. बाया वाट बघत होत्या. ती मुलगी फोनकडे बघत वाट बघत होती. जंगम स्वामी आत येऊन "चला, उशीर होतोय" म्हणेपर्यंत मी तोंड उघडलं नाही.

फोन तेवढा वेळ चालूच होता. त्यात काकांच्या वाट्याला डोक्यावरच्या पंख्याचा आवाज आला.